प्रेक्षकाचा वाटा

मागील हिवाळ्यात खराडीतील आमच्या काही कुटुंबांना घेऊन मी बालगंधर्व रंगमंदिरात एका नाटकाला गेलो होतो. खराडीहून नाटकाला जाणे म्हणजे अर्धा दिवस खर्ची घालणे. नगर रस्त्यावरील वाहतुकीचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. आता रामवाडीपासून मेट्रो झाली आहे. तेथवर रिक्षाने आणि पुढे डेक्कनपर्यंत मेट्रोने जाता येते. तरीही वृद्ध माणसे, लहान मुले, डबे, पाण्याच्या बाटल्या असा सारा लवाजमा सांभाळीत आम्ही पोहोचलो, तेव्हा दुसरी घंटा होऊन गेली होती. परतताना एका तरुणाने मला विचारले, "फादर, नाटक चांगलं होतं. पण हेच घरी टीव्हीवर पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं? उलट नटांचे चेहरे तरी नीट दिसले असते. आपण सोळाव्या रांगेत होतो."

हा तरुण खराडीतच एका संगणक कंपनीत नोकरीला आहे आणि वाद घालण्यासाठी वाद घालणाऱ्यांपैकी नव्हे. मी त्याला "समोर पाहण्यातली गंमत वेगळी" असे काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे मला बोलतानाच कळत होते. गंमत वेगळी म्हणजे नेमकी कशी वेगळी? हा प्रश्न त्यानंतर कित्येक दिवस माझ्या मनात रेंगाळत राहिला, आणि त्याला एक घरचे कारणही होते. ते पुढे सांगेन.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, केवळ पाहण्याचा हिशेब मांडला तर रंगभूमी हरते. कॅमेरा आपल्याला नटाच्या पापणीपर्यंत नेतो. नाट्यगृहात सोळाव्या रांगेतील माणसाला नटाच्या डोळ्यांतील पाणी दिसत नाही, आणि समोर उंच माणूस बसला तर नटही दिसत नाही. पुण्यात शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे, तेथे प्रेक्षक नटाच्या अगदी हाताच्या अंतरावर असतो; परंतु अशी सोय सर्वत्र कोठून असणार? बालगंधर्व रंगमंदिरात सुमारे एक हजार माणसे बसतात. तेव्हा नाटकाचे वेगळेपण दिसण्यात नाही. ते अन्यत्र शोधावयास हवे.

आपल्या भाषेने त्याची एक खूण करून ठेवली आहे. आपण सिनेमाचा 'खेळ' म्हणतो, नाटकाचा 'प्रयोग' म्हणतो. प्रयोग म्हणजे ज्याचा निकाल आधी ठाऊक नसतो ती गोष्ट. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी आपला १२,५०० वा प्रयोग केला. त्यांतील एकेका नाटकाचे शब्द त्यांना झोपेतही म्हणता येत असतील. तरीही त्याला प्रयोगच म्हणावयाचे, कारण त्या रात्री समोर बसलेली माणसे नवी असतात आणि ती कोठे हसतील, कोठे गप्प होतील, हे नटाला पडदा उघडेपर्यंत ठाऊक नसते.

भरतमुनींना हे पुरते ठाऊक होते. सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र शिकविले गेले. नाट्यशास्त्र मी पुढे स्वतःच्या हौसेने वाचले. त्यातील सत्ताविसावा अध्याय नाटकाच्या सिद्धीविषयी, म्हणजे प्रयोग साधला की नाही हे कसे ओळखावे, याविषयी आहे. आश्चर्य असे की, भरत त्यासाठी रंगमंचाकडे पाहत नाहीत, प्रेक्षकांकडे पाहतात. स्मित, हास्य, मोठ्याने हसणे, 'वाहवा' म्हणणे, हळहळणे, अंगावर रोमांच उभे राहणे, आसनावरून उठणे, अंगावरचे वस्त्र वा बोटातील अंगठी नटाला देऊन टाकणे, ही सारी मानुषी सिद्धीची लक्षणे होत. तिच्याहून वरची ती दैवी सिद्धी : प्रेक्षागृह भरलेले आहे आणि आवाज नाही, गडबड नाही. प्रयोगात येणाऱ्या विघ्नांचीही यादी तेथे आहे. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, आणि प्रतिस्पर्ध्यांनी केलेला आरडाओरडा. त्या यादीत आज भ्रमणध्वनीची भर घालावी लागेल. हत्ती परवडला, तो निदान एकदाच येतो.

मराठी संगीत नाटकाने ही मानुषी सिद्धी अगदी टोकाला नेली. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि नाट्यपदांचे वेड महाराष्ट्राला लागले. पद आवडले की प्रेक्षक 'वन्स मोअर' म्हणून ओरडत आणि नट ते पुन्हा गाई. पहिल्यांदा गायिले तसेच नव्हे; नवी जागा घेई, नवा आलाप करी, प्रेक्षकांची नाडी पाहून वाढवी. नाटके पहाटेपर्यंत चालत ती ह्यामुळे. नाटककाराने जेवढे लिहिले तेवढेच नाटक नसे. त्यातला काही भाग त्या रात्री पिटातल्या माणसाच्या आरोळीतून जन्माला येई. नाट्यसमीक्षकांनी ह्या प्रथेवर पुष्कळ टीका केली आहे, कथानकाचा त्यामुळे विचका होई, हे खरेच. परंतु शकुंतला दोनदा सासरी निघाली तरी चालेल, असे म्हणणारा प्रेक्षक काय मागत होता, हे टीकाकारांनी फारसे विचारले नाही. तो पदावर आपला हक्क सांगत होता. बालगंधर्व प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणत. त्या शब्दात विनय आहे तसा एक व्यवहारही आहे : मी तुमचा, म्हणून तुम्हीही माझे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांचे मूल दगावले होते आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकिकत आपल्याकडे कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती ऐकताना नेहमी त्या घरातील आईची आठवण होते, आणि मी ती निःशंकपणे कौतुकाने सांगू शकत नाही. कित्येक मृत्युशय्यांजवळ बसण्याचे काम माझ्या वाट्याला आल्यामुळे असेल. मात्र तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : नटाच्या दृष्टीने जमलेला प्रेक्षक म्हणजे दिलेला शब्द होता.

येथवर प्रेक्षकाच्या आनंदाविषयी बोललो. पण प्रेक्षकाचा वाटा केवळ आनंदाचा नसतो. हे मला ज्या नाटकाने शिकविले त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रथम झाले. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे. त्यावरून उठलेले वादळ, बंद पडलेले प्रयोग आणि मग १९७३ साली थिएटर ॲकॅडमीची स्थापना, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मी ते १९९० च्या सुमारास पाहिले, पुण्यात सेमिनरीत असताना. रात्री बाहेर जाण्याची परवानगी मिळविण्यासाठी आम्ही दोघांनी कोणती सबब सांगितली, ते येथे न लिहिलेले बरे.

नाटकाच्या आरंभीच धोतर नेसलेल्या ब्राह्मणांची एक रांग गात, डुलत समोर येते. ठेका असा की पाय आपोआप हलू लागतात. ही रांग म्हणजे नाटकाचा पडदा. ती पाठ फिरविते, की भिंत होते. तोंड फिरविते, की पुणे शहर होते. कोणीतरी संकटात सापडून दाद मागत येतो आणि हीच माणसे त्याच्याकडे पाठ करून, डुलत, गात उभी राहतात. पुढे दिसतो कनोजहून आलेला घाशीराम. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, तो अपमानित होतो, आणि सूड उगविण्यासाठी आपली मुलगी नानांच्या हवाली करून शहराची कोतवाली मिळवितो. त्यातील काही प्रसंग कुटुंबासमवेत पाहताना संकोच वाटावा असे आहेत. मला ते अनावश्यक मात्र वाटले नाहीत. अखेरीस कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मरतात, नाना घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन करतात, जमाव त्याला ठेचतो. आणि मग उत्सवाची आज्ञा होते. पुन्हा तीच रांग, तेच गाणे, तोच ठेका.

माझा पाय पुन्हा हलू लागला होता. ते ध्यानात आले आणि मी तो थांबविला. शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. सबंध नाटकभर ते मनमुराद दाद देत होते, गुडघ्यावर ताल धरीत होते. त्यांचाही हात थांबला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि चटकन नजर फिरविली. दोन-अडीच तास ज्या रांगेबरोबर आम्ही ताल धरला होता, ती रांग कोणाची आहे, हे आम्हां दोघांनाही एकाच क्षणी कळले होते. भिंतीचे तोंड प्रेक्षागृहाकडे होते, पण ती भिंत प्रेक्षागृहातूनच उभी राहिली होती.

१९७६ साली ह्या नाटकावरून चित्रपट निघाला. पटकथा तेंडुलकरांचीच, नाना आगाशेच, घाशीराम ओम पुरी. तो मी बऱ्याच वर्षांनी पाहिला. त्याची स्वतःची भाषा आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तो पाहताना मी कोठेही सापडलो नाही. खोलीत एकटा होतो. ताल धरला असता तर पाहणारे कोणी नव्हते, आणि लाज वाटण्यासाठीही दुसरा माणूस लागतो. माझ्या त्या तरुण मित्राला मी त्या रात्री हेच सांगावयास हवे होते. दूरचित्रवाणीवर नाटक दिसते. मात्र ते चालू असताना आपण त्यात काय केले, हे दाखविणारे तेथे कोणी नसते.

ज्यांनी झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत देवळात उभे राहून ऐकला आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. थोड्या वेळापूर्वी हातात झावळ्या घेऊन जयघोष करणारी आपण माणसे. तो वृत्तांत वाचला जाताना जमावाचे शब्द आपल्याच तोंडी येतात, आणि ते त्याला क्रुसावर देण्याची मागणी करणारे असतात. ज्या कोणी ही योजना केली, त्याला प्रेक्षक म्हणजे काय हे चांगलेच समजले होते. युरोपात दहाव्या शतकातील पुनरुत्थानसणाच्या उपासनेत, रिकाम्या कबरीजवळचा देवदूत आणि स्त्रिया यांचा छोटा संवाद गायिला जाई आणि तेथूनच मध्ययुगीन नाटकाचा उगम झाला, असे अभ्यासक मानतात. मिस्सा म्हणजे नाटक नव्हे, हे मी सांगावयास नको. पण दोहोंनाही जमलेली माणसे लागतात.

मला ह्याची पुरती जाणीव झाली ती २०२० साली. मार्चमध्ये टाळेबंदी आली, नाट्यगृहे बंद झाली, देवळेही बंद झाली. कित्येक महिने मी रिकाम्या बाकांसमोर, तिवईवर ठेवलेल्या भ्रमणध्वनीकडे पाहून मिस्सा अर्पण केली. घरोघरी लोक पाहत होते, भक्तीने पाहत होते. पण "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हटल्यावर उत्तर येत नसे. तेवढ्या दोन-तीन क्षणांत मी काय करावे हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. प्रवचनात एखादे वाक्य लांबले, तर ते लांबले आहे हे सांगणारी खोकल्याची साथही नव्हती. ५ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे नेमक्या मराठी रंगभूमीदिनी, शासनाने निम्म्या आसनांवर नाट्यगृहे उघडण्यास परवानगी दिली आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला प्रार्थनास्थळेही उघडली. नट मंडळी त्या दिवसांत मुलाखतींतून प्रेक्षकांविना होणाऱ्या घुसमटीविषयी बोलत, तेव्हा मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

माणसे किती हवीत, हा प्रश्न मात्र गौण आहे. पोलंडवर जर्मनीचा अंमल असताना, १९४१ साली, क्राकूव शहरात मिएचिस्वाव कोटलारचिक यांनी एक गुप्त नाट्यमंडळी काढली. ती शब्दांची रंगभूमी होती : नेपथ्य नाही, वेशभूषा जवळजवळ नाही, एखाद्या घरातील खोली आणि मूठभर श्रोते. पकडले गेले तर छळछावणी. तिच्यातील एक तरुण नट होता कारोल वोयतिला, म्हणजेच पुढे पोप झालेले संत जॉन पॉल दुसरे. एका प्रयोगाच्या वेळी बाहेरच्या रस्त्यावर जर्मन ध्वनिवर्धक आपल्या विजयाच्या बातम्या गर्जून सांगू लागला. वोयतिलांनी आवाज चढविला नाही, थांबलेही नाहीत. तो ध्वनिवर्धक अस्तित्वातच नाही अशा रीतीने ते म्हणत राहिले. श्रोते अधिक लक्ष देऊन ऐकू लागले असणार. यंत्राचा मोठा आवाज आणि माणसाचा लहान आवाज यांत कोणाचे ऐकावयाचे, हे त्या खोलीतल्या मूठभर माणसांनी ठरविले होते.

आता घरचे कारण.

गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक धर्मग्रामांत पवित्र सप्ताहातील दुःखसहनाचे नाटक ध्वनिमुद्रित संवादांवर होऊ लागले आहे. संवाद, संगीत, जमावाचा कोलाहल, मेघगर्जना, सारे आधी मुद्रित करावयाचे आणि मुलांनी त्यावर ओठ हलवीत अभिनय करावयाचा. मागच्या वर्षी मी पाहिले ते असेच होते. पिलाताचा आवाज भारदस्त, उच्चार निर्दोष. मैदान भरलेले. माणसे भ्रमणध्वनी उंच धरून चित्रण करीत होती. जमाव "क्रुसावर द्या" म्हणून ओरडला, तो दोन ध्वनिवर्धकांतून. आमच्यातले कोणी ओरडले नाही. ओरडण्याची गरजच उरली नव्हती.

त्यापूर्वीचा एक प्रसंग मात्र वेगळा झाला. पेत्राच्या नाकबुलीचा प्रवेश चालू असताना वीज गेली. संगणक बंद, दिवे बंद. शेकोटी तेवढी खरी होती, ती जळत राहिली. पेत्र झालेला मुलगा उघड्या तोंडाने उभा. क्षणभर गेला आणि दासी झालेल्या मुलीने स्वतःच्या आवाजात, आपल्या नगरकडच्या बोलीत त्याला विचारले, "तू बी त्याच्याबरुबर व्हता ना रं?" मुलगा म्हणाला, "नाही." आवाज इतका बारीक की मागून "ऐकू येत नाही" अशी ओरड झाली, आणि मागची माणसे उठून पुढे येऊ लागली. हातातले भ्रमणध्वनी खाली गेले. तिने पुन्हा विचारले, तो पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा नाही म्हणून तो थांबला, कारण आता कोंबडा आरवावयाचा होता आणि कोंबडा संगणकात होता. तेवढ्यात प्रेक्षकांतील एका लहान मुलाने कोंबड्यासारखी बांग दिली. सारे मैदान हसले. पेत्र झालेला मुलगा हलला नाही. हसणे ओसरेपर्यंत तो वाट पाहत राहिला, पूर्ण ओसरू दिले, आणि मग मान खाली घालून शेकोटीपासून दूर निघाला. त्यानंतरची शांतता भरतमुनींच्या दैवी सिद्धीत मोडेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. माझ्या शेजारच्या मावशींनी डोळ्याला पदर लावला होता.

मग वीज आली, संगणक आपल्या जागेवरून पुढे सुरू झाला आणि ध्वनिवर्धकातला कोंबडा आरवला. मार्कच्या शुभवर्तमानात कोंबडा दोनदा आरवतो, हे त्या यंत्राला कोणी सांगितले होते कोण जाणे.

त्या मुलाने वाट पाहिली, ही मला त्या संध्याकाळची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मुद्रित आवाज कोणासाठी थांबत नाही. हशा झाला तरी पुढचे वाक्य येतेच आणि ते हशात बुडते; शांतता पसरली तरी ती पुरी होण्याआधी पुढचे वाक्य तिला कापून टाकते. प्रेक्षक काहीही करोत, समोर चालले आहे त्यात तिळमात्र फरक पडत नाही. आणि आपल्यामुळे काही फरक पडत नाही हे माणसाच्या फार लवकर ध्यानात येते. मग तो चित्रण करू लागतो.

ह्या वर्षी नाटकाची बोलणी निघाली, तेव्हा मी युवकांपुढे हे मांडले. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि आपले मुद्देही सांगितले; ते टाकाऊ नव्हते. मैदान मोठे आहे. चांगली ध्वनियोजना भाड्याने आणणे महाग पडते. निम्मी मुले इंग्रजी माध्यमातील, त्यांची जीभ मराठी जोडाक्षरांवर अडखळते, लोक हसतील. एक मुलगी म्हणाली, "फादर, चुकलं तर?" मी म्हणालो, चुकेल. त्यावर कोणाचे समाधान झाले नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. उभे राहावयाचे होते त्यांना, मला नव्हे.

महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून घेत असलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला मी त्यांतील काहींना भरत नाट्य मंदिरात घेऊन गेलो. ह्या स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नव्हता. तेथे आमच्या मुलांच्याच वयाची मुले आपल्या आवाजात बोलत होती, अडखळत होती, सावरत होती, आणि प्रेक्षागृहातून "आव्वाज कुणाचा" अशा आरोळ्या उठत होत्या. परतताना आमची मंडळी मेट्रोत नाटकाविषयी न बोलता त्या आरोळ्यांचीच नक्कल करीत होती. मी काही म्हटले नाही.

शेवटी तडजोड झाली. संगीत आणि मेघगर्जना मुद्रित राहील. संवाद मुले बोलतील. जमावाचे शब्द कोणीही नट बोलणार नाही. ते प्रेक्षकांनी म्हणावयाचे आहेत, आणि लोक खरोखर म्हणतील की गप्प बसतील, याविषयी आमच्यात अजून दोन तट आहेत. तालमी सुरू आहेत. पेत्राचे काम त्याच मुलाकडे आहे. त्याचा आवाज अद्याप पाचव्या रांगेच्या पुढे जात नाही, म्हणून मैदानाऐवजी देवळाच्या अंगणात प्रयोग करावयाचे आणि बाके अर्धवर्तुळात लावावयाची असे ठरले आहे. माणसे कमी मावतील. दोन प्रयोग करावे लागतील.